शेवटच्या कडव्यातलं नाव

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलं की एक प्रश्न छळतो. ज्या पुस्तकाचा दाखला सगळेच देतात, त्यात काहीतरी राहून गेलंय असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? पीएचडीचं अजून दुसरं वर्ष, नावावर एक पेपर, तोही परिषदेच्या स्मरणिकेतला. मलाही असंच वाटायचं. मग माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीमुळे मला ते पुस्तक पहिल्यांदा नीट वाचता आलं. म्हणून आज आधी चुकीबद्दल लिहिते, पुस्तकाकडे नंतर येते. तुमच्यापैकी जे माध्यमं, लोकसाहित्य किंवा संगीत यांवर विषय शोधताय त्यांना उपयोग होईल. बाकीच्यांनीही वाचा, कारण नोंद चुकणं हा सगळ्याच विषयांत होणारा प्रकार आहे.

मी मूळची चिखलीची, म्हणजे घाटावरची. (बुलढाणा जिल्ह्यातला माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच असतो: घाटावरचे की घाटाखालचे?) शिकायला विद्यापीठाच्या गावात आले आणि तिथल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर स्वयंसेवक म्हणून जायला लागले. पगार नाही, चहा मिळतो. दोन कार्यक्रम माझ्याकडे होते. शनिवारी रात्री 'स्वतंत्र संगीत', म्हणजे कुठल्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय स्वतः गाणी लिहून, बसवून, रेकॉर्ड करून नेटवर टाकणारी मुलंमुली. आणि बुधवारी सकाळी लोकगीतांचा अर्धा तास.

शनिवारचा कार्यक्रम मला आवडायचा. बँडवाली पोरं मेलवर सगळं व्यवस्थित पाठवायची: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, गिटार कोणी वाजवली, मिक्सिंग कोणी केलं, सोबत फोटो. मी ते जसंच्या तसं माइकवर वाचायचे आणि लॉगबुकात लिहायचे. बुधवारच्या कार्यक्रमाला असं कोणी मेल करत नसे. ते रेकॉर्डिंग आपणच जाऊन आणायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा रेकॉर्डर सोबत नेला. चिखली तालुक्यातल्याच एका गावात वडिलांच्या ओळखीचे एक काका राहतात. वय सत्तरीच्या आसपास. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती, थोडीफार अजून आहे. हार्मोनियम, ढोलकी, मागे कोरस धरणारे दोघं. पंखा बंद केला, शेजारच्या घरातला टीव्ही बंद करायला लावला आणि पाच गाणी रेकॉर्ड केली. पाचही त्यांची स्वतःची. 90 च्या दशकात त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक कॅसेट काढली होती, तिचं कव्हर त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवलं. गाण्यांची छोटी पुस्तिका होती, किंमत पाच रुपये.

परत आल्यावर एक गाणं प्रसारणासाठी घेतलं. मूळ लांबी सहा मिनिटं दहा सेकंद. अर्ध्या तासात मुलाखत, दोन गाणी, जिंगल आणि आरोग्याची सूचना बसवायची होती. ऑडॅसिटीत गाणं उघडलं आणि अडीच मिनिटांवर हळूच आवाज उतरवत नेला. फेड आउट सुंदर जमला होता, ढोलकीच्या समेवर. लॉगबुकात रकाने होते: गाण्याचं नाव, गायक, प्रकार, कालावधी. मी लिहिलं: 'भीमगीत. गायक: अमुक आणि साथीदार. प्रकार: पारंपरिक लोकगीत. 2:30.'

काकांना ते रेडिओवर ऐकताच आलं नाही. कम्युनिटी रेडिओचा आवाका फार तर दहा-पंधरा किलोमीटर असतो. सरकारी नियमांप्रमाणे या केंद्रांना साधारण 100 वॅट प्रभावी शक्तीची मर्यादा आहे, आणि एफएमची लहर सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की संपली. राजूर घाटाच्या किंवा बोथा घाटाच्या खालून वर यायचं तिला जमत नाही, मग दुसऱ्या विभागातल्या गावातून कुठून येणार? आमच्याकडे लहानपणी आकाशवाणीचं जळगाव केंद्र लागायचं ते मीडियम वेव्हवर. ती लहर जमिनीला धरून लांब जाते. तर मी त्यांना अडीच मिनिटांची फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली. रात्री फोन आला.

"आयकलं बेटा. आवाज मस्त आला. पण माह्या नावाचं कडवं कुठी गेलं?"

मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पाचव्या मिनिटानंतर, शेवटच्या कडव्यात, त्यांनी स्वतःचं नाव गुंफलं होतं. गावाच्या नावासकट. रेकॉर्ड करताना मी समोर बसले होते, मान डोलवत होते, आणि तरीही ते माझ्या कानावरून गेलं होतं, कारण माझं लक्ष लेव्हल मीटरवर होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एडिटिंगमधली चूक. पुढच्या वेळी पूर्ण वाजव. मीही असंच ठरवून झोपले. पण माझ्या गाईडनी त्या लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्स पाहिली (ती मी डेटा म्हणून फाइलला लावली होती) आणि 'पारंपरिक' या शब्दाभोवती गोल करून समासात दोनच शब्द लिहिले: 'कोणी ठरवलं?'

आपल्याकडे गाणाऱ्याने किंवा रचणाऱ्याने शेवटी नाव घालायची रीत किती जुनी आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. अभंगात तुका, नामा, जनी येतात. शाहिरांच्या कवनात शेवटी कवीचं, कधी वस्तादाचं, कधी गावाचं नाव येतं. वामनदादा कर्डकांनी (1922–2004) हजारो गीतं रचली, गावोगाव फिरून गायली, आणि त्यांतल्या कितीतरी गाण्यांच्या शेवटी 'वामन' हजर असतो. याला नाममुद्रा म्हणतात. लोक याच्याकडे अलंकार म्हणून बघतात, पण हे कामाचं साधन आहे. छापील पान नाही, कॅसेटचं कव्हर नाही, रॉयल्टीचा कागद नाही अशा ठिकाणी कर्त्याची नोंद गाण्याच्याच पोटात ठेवली, म्हणजे जो कोणी पूर्ण गाईल त्याला ती नोंद घ्यावीच लागेल. आपण आज फाइलला मेटाडेटा जोडतो तसंच. फरक एवढाच की गाणं अर्धं तोडलं की तो मेटाडेटा पहिला जातो, कारण तो शेवटी असतो.

यंत्रालाही सुरुवातीला शेवटी नाव लागायचं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानच्या तबकड्या मुद्रित झाल्या. त्यांत गाणं संपलं की ती स्वतःचं नाव इंग्रजीत घेते. ही गोष्ट किस्सा म्हणून सांगितली जाते, पण मला तिच्यात दोन पद्धती एकत्र आलेल्या दिसतात. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गाणं मावायचं नाही, ते कापावं लागायचं, पण नावासाठी शेवटचे दोन सेकंद राखून ठेवले जायचे.

आता पुस्तकाकडे येते.

विनोद पावराला आणि कांचन मलिक यांचं 'अदर व्हॉइसेस: द स्ट्रगल फॉर कम्युनिटी रेडिओ इन इंडिया' 2007 साली सेजने काढलं. भारतातल्या कम्युनिटी रेडिओवर काम करायचं तर हे वाचावंच लागतं. त्यात चार ठिकाणांचा अभ्यास आहे: झारखंडमधलं पलामू, कच्छमधलं भुज, तेव्हाच्या आंध्रातलं (आता तेलंगणातलं) पस्तापूर आणि कर्नाटकातलं बुदिकोटे. हाबरमासची सार्वजनिक क्षेत्राची कल्पना आणि तिच्यावर नॅन्सी फ्रेझरने घेतलेला आक्षेप, म्हणजे दबलेल्या गटांची स्वतःची समांतर सार्वजनिक क्षेत्रं असतात हा मुद्दा, यांच्या आधाराने लेखक विचारतात: माध्यम कोणाच्या ताब्यात आहे, बोलतंय कोण, बाई बोलते का, दलित बोलतो का. ज्यांना आजवर फक्त ऐकवलं गेलं ते ऐकवणारे होतात का.

हे प्रश्न त्या वेळी अगदी बरोबर होते. पार्श्वभूमी आठवा. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे (मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं). त्यानंतरही 2002 च्या अखेरीस परवानगी मिळाली ती शिक्षणसंस्थांना. चेन्नईचा अण्णा एफएम 2004 मध्ये सुरू झाला. स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं ते नोव्हेंबर 2006 मध्ये. म्हणजे पावराला आणि मलिक ज्यांना भेटत होते त्यांच्याकडे स्वतःचं प्रक्षेपण नव्हतंच. कोणी आकाशवाणीकडून वेळ विकत घेत होतं, कोणी टेपवर ऐकवत होतं, कोणी केबलवरून. अशा वेळी 'आवाज मिळाला का' हाच प्रश्न असणार. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' 2008 साली सुरू झालं, पस्तापूरचं 'संघम रेडिओ'ही त्याच वर्षी.

माझी तक्रार पुस्तकापेक्षा आपण ते कसं वापरतो याच्याशी आहे. 2007 चा प्रश्न आपण आजही तसाच्या तसा उचलतो. अनेक सिनॉप्सिस मी वाचलेत (एक माझंच), ज्यांत उद्दिष्टांच्या यादीत लिहिलेलं असतं: 'कम्युनिटी रेडिओमुळे स्थानिकांना आवाज मिळतो का, याचा अभ्यास करणे.' उत्तर ठरलेलं: हो, मिळतो, काही मर्यादांसह. माझ्या काकांना आवाज मिळाला. त्यांनीच सांगितलं, आवाज मस्त आला. गेलं ते नाव. 'आवाज' या एकाच मापाने मोजलं तर माझा बुधवारचा कार्यक्रम यशस्वी ठरतो. नियमाप्रमाणे निदान अर्धा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून यायला हवा. तोही निकष पूर्ण, बोलीभाषा आहे, दलित कलावंत आहे, ज्येष्ठ नागरिक आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात सगळीकडे बरोबरची खूण पडते.

आवाज मोजणाऱ्या चौकटीत गाणं अवघड जातं, असं मला त्या पुस्तकाच्या दुसऱ्या वाचनात जाणवलं. तिथे गाणी आहेत, लोकसंगीताचं महत्त्वही मान्य केलंय. पण गाणं प्रामुख्याने समाजाचं म्हणून येतं: संस्कृती जपली जाते, बायका मोकळ्या होतात, ओळख टिकते. हे सगळं खरं. पण गाण्याला कर्ताही असतो, त्याने ते एका विशिष्ट रात्री एका विशिष्ट कारणाने लिहिलेलं असतं, आणि त्याला वाटत असतं की लोकांनी ते आपलं म्हणून ओळखावं. 'समुदाय' या शब्दात हा माणूस विरघळतो. भाषण करणाऱ्याच्या बाबतीत आपण असं करत नाही. सरपंचबाईंची मुलाखत असेल तर तिथे नाव, गाव, पद सगळं येतं.

दुसरं पुस्तक पीटर मॅन्युएलचं 'कॅसेट कल्चर' (1993). उत्तर भारतात कॅसेट आल्यावर काय झालं त्याची कहाणी. एका कंपनीची मक्तेदारी मोडली, छोटे छोटे उत्पादक उभे राहिले, ब्रजच्या रसियासारखे प्रकार बाजारात आले, चोरीच्या कॅसेटचाही सुकाळ झाला. काकांच्या ट्रंकेतली कॅसेट समजून घ्यायला मला या पुस्तकाचा फार उपयोग झाला. मॅन्युएल दाखवतो की उत्पादन स्वस्त झालं की गाणाऱ्याला कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण त्याचा कॅमेरा बाजारावर आहे. स्वतःच्या पैशाने पाचशे कॅसेट काढून जयंतीच्या मांडवात विकणारा माणूस, जो नफ्यासाठी हे करतच नाही, तो त्या चित्रात नीट बसत नाही. तो समजून घ्यायला शर्मिला रेगे यांच्याकडे यावं लागतं. 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू' (2013) मध्ये त्यांनी आंबेडकरी गायन पार्ट्या आणि स्वस्त पुस्तिका यांच्याकडे ज्ञान तयार करणारी आणि पसरवणारी जागा म्हणून पाहिलंय. पाच रुपयांची पुस्तिका ही त्यांच्या दृष्टीने आठवणीची वस्तू राहत नाही, ती चर्चेतला मजकूर असते, जिला लेखक असतो.

आता या तिन्ही पुस्तकांना बाजूला ठेवून माझ्या दोन कार्यक्रमांकडे बघा. स्वतंत्र संगीताची व्याख्या काय होती? कंपनी नाही, सिनेमा नाही, स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, स्वतःच्या खर्चाने मुद्रित केलेलं, स्वतः पोचवलेलं. या व्याख्येत काका बसतात की नाही? शनिवारच्या निम्म्या बँडपेक्षा जास्त बसतात, कारण त्यातल्या दोघा-तिघांना एका पेयाच्या कंपनीने प्रायोजित केलं होतं. तरी ते बुधवारी सकाळी आणि बँड शनिवारी रात्री. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. केंद्रावर कुठल्याही फलकावर असा नियम नव्हता. ते माझ्या डोक्यात होतं: गिटार म्हणजे कर्ता, हार्मोनियम-ढोलकी म्हणजे परंपरा. कर्ता शहरात राहतो, गावात लोक राहतात आणि ते लोकगीत गातात.

हार्मोनियमचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. याच हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 मध्ये बाहेर काढलं होतं. भारतीय संगीतातल्या श्रुती, मींड तिच्यावर येत नाहीत म्हणून. ती बंदी सैल व्हायला तीसएक वर्षं गेली. 1952 ते 62 या काळात माहिती व प्रसारण मंत्री असलेले बी. व्ही. केसकर यांनी तर चित्रपटगीतांनाही आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 1957 मध्ये 'विविध भारती' काढावी लागली. ऑडिशनची पद्धत घट्ट झाली तीही केसकरांच्या काळात. पडद्याआडून गाणं ऐकून कलावंताला श्रेणी द्यायची. याचा इतिहास वाचायचा असेल तर डेव्हिड लेलीवेल्ड यांचा आकाशवाणीच्या संगीत-कारभारावरचा 1994 चा लेख शोधा, छोटा आहे आणि मस्त आहे.

काकाही तरुणपणी एका केंद्रावर ऑडिशनला गेले होते. एसटीने, हार्मोनियम मांडीवर घेऊन. नापास झाले. उच्चार शुद्ध नाहीत असं कोणीतरी म्हणालं, असं ते सांगतात. त्यांच्या सांगण्यात राग नाही, पण पन्नास वर्षं होत आली तरी त्या दिवशी कोणता शर्ट घातला होता ते त्यांच्या लक्षात आहे.

तर आकाशवाणीवर टीका करणं सोपं आहे आणि करायलाही हवी. पण मला अडवणारी एक गोष्ट आहे. जो कलावंत त्या दारातून आत गेला त्याचं नाव तिथे नीट लिहिलं गेलं. करारपत्र, श्रेणी, मानधनाचा चेक, आणि निवेदन. मेहकरचे ना. घ. देशपांडे आमच्या जिल्ह्याचे कवी. 1909 चा जन्म, मेहकरला वकिली, 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार 'खूणगाठी'साठी. त्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि 1932 च्या सुमारास एचएमव्हीने तबकडी काढली. मराठी भावगीताची सुरुवात या तबकडीपासून मानतात. गंमत बघा, एका अर्थाने तेही स्वतंत्र संगीतच होतं. नाटकाचं पद नाही, सिनेमाचं गाणं नाही. एका आडगावच्या वकिलाची कविता, नागपूरकडच्या एका वकील गायकाने बैठकीत म्हणून लोकप्रिय केलेली. (जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम बघायला लागले.) माझ्या आजीला हे गाणं कोणाचं ते माहीत होतं. पुस्तक वाचून नव्हे, आजी चौथी शिकलेली. रेडिओवर गाणं लागायच्या आधी निवेदिका कवीचं नाव घ्यायची, मग संगीतकार, मग गायक. इतक्या वेळा ऐकलं की मेहकरचं नाव आलं की आजी ना. घं.चं नाव घ्यायची.

म्हणजे आकाशवाणीने काकांना दारातच अडवलं, पण आत आलेल्याचं नाव घेतलं. आम्ही दार सताड उघडं ठेवलं आणि आत आलेल्याचं नाव पुसलं. यातलं वाईट कोणतं, याचं उत्तर माझ्याकडे अजून तयार नाही, आणि प्रबंधातला एक पूर्ण चॅप्टर याच पेचावर उभा आहे.

पण 'पारंपरिक' हा शब्द फक्त आळसातून येतो असं समजू नका. हे मला नंतर कळलं, केंद्राची जुनी लॉगबुकं वाचायला घेतली तेव्हा. शब्द कामाचा आहे. गाणं पारंपरिक म्हटलं की हक्कांचा प्रश्न मिटतो. कोणाची परवानगी नको, कोणाला पैसे द्यायला नकोत, उद्या कोणी नोटीस पाठवली तर हात वर करता येतात. चारदोन जाहिरातींवर आणि संस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्राला परवान्यांचा खर्च आणि कटकट नको असते, आणि ते समजण्यासारखं आहे. चित्रपटगीतं परवडत नाहीत म्हणून लोकगीतं वाजवतो, असं अनेक केंद्रांवरची माणसं मोकळेपणाने सांगतात. म्हणजे ज्याला आपण संस्कृतीचं जतन म्हणतो त्यात थोडा भाग काटकसरीचाही असतो. त्यात काही गैर नाही. फक्त त्या काटकसरीचा भार कोणावर पडतो ते लिहायला हवं.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर माझी नोंद सरळ चुकीची होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचना केली की हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही. तो रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. कलम 57 नुसार रचना आपली आहे असं सांगण्याचा हक्क तर त्याने कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी त्याच्याकडेच राहतो. समोर बसून स्वतःचं गाणं गाणाऱ्या जिवंत माणसाच्या गाण्याला 'पारंपरिक' लिहायला कायद्यात जागाच नाही.

इथे तुम्हाला एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण फील्डवर्कला जाताना कोणी सांगत नाही. कम्युनिटी रेडिओच्या नियमात प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायला सांगितलंय. त्यापुढे बंधन नाही. हार्ड डिस्क भरली की जुन्या फाइली उडतात, हे मी स्वतः केलंय. मागे राहतं ते लॉगबुक. म्हणजे पाच वर्षांनी एखादा संशोधक त्या केंद्रावर येईल तेव्हा त्याला आवाज मिळणार नाही, माझी ओळ मिळेल: 'पारंपरिक लोकगीत, 2:30'. आणि तो ती मोजेल. 'केंद्राने इतके टक्के पारंपरिक लोकगीतं प्रसारित केली' असा तक्ता करेल. तक्ता बरोबर असेल, बेरीज जुळेल.

म्हणून केंद्रावर गेलात तर व्यवस्थापकाच्या मुलाखतीआधी लॉगबुक मागा. प्रकाराच्या रकान्यात कोणते शब्द येतात ते बघा, ते कोणाच्या अक्षरात आहेत ते बघा, आणि शक्य असेल तिथे एखादं तरी गाणं शेवटपर्यंत ऐकून नोंदीशी ताडून बघा. एकच तोलून पाहिलं तरी खूप कळतं. हे करायला सॉफ्टवेअर लागत नाही, वेळ लागतो. आणि 'लोकगीत' म्हणून जे समोर येईल त्याला गाणाऱ्याच्या घरात बसून सरळ विचारा: हे कोणी बांधलं? कधी उत्तर येईल, माहीत नाही, आजीकडून आलं. तेही उत्तरच आहे. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी कित्येक वर्षांच्या कामातून उभा केला, लाखाहून अधिक ओव्या, आणि तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव ठेवलंय. ओवीला एकच कर्ती नसते हे त्यांना माहीत होतं, तरी ही ओवी या बाईच्या तोंडून या गावात ऐकली एवढं तरी लिहिलं पाहिजे, हेही माहीत होतं. पारंपरिक आणि निनावी हे दोन वेगळे शब्द आहेत.

पुढे काय झालं तेही सांगते. आम्ही गाणं पुन्हा प्रसारित केलं, पूर्ण सहा मिनिटं दहा सेकंद, आणि ते शनिवारी रात्री. काही नेहमीच्या श्रोत्यांना आवडलं नाही, एकाने मेसेज केला की कार्यक्रमाचा मूड बिघडला. एका बँडच्या ढोलकी शिकणाऱ्या मुलाने मात्र काकांचा नंबर मागितला. नंबर देण्याआधी मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "दे ना, काऊन नाही?" लॉगबुकाच्या छापील पानावर गीत, संगीत आणि स्वर असे तीन रकाने वाढवले. आकाशवाणीवरून उचलले, सरळ. मागच्या नोंदी खोडल्या नाहीत, शेजारी तारीख टाकून लाल शाईने दुरुस्ती केली, म्हणजे चूकही दिसेल.

पाचपैकी एक गाणं मात्र अजून वाजवलेलं नाही. सगळ्यांत ताकदीचं तेच आहे. शब्द पूर्ण काकांचे, नाममुद्रा शेवटच्या कडव्यात ठसठशीत. पण चाल एका जुन्या हिंदी चित्रपटगीतावरून घेतलेली. भीमगीतांत हे सर्रास होतं, आणि त्यामागे कारण आहे: चाल लोकांच्या तोंडात आधीच असते, मग नवे शब्द एका रात्रीत गावभर पोचतात. मॅन्युएलच्या पुस्तकात अशा उसन्या चालींवर बरंच लिहिलंय. केंद्रावर यावर तीन बैठका झाल्या. एकाचं म्हणणं, हे स्वतंत्र संगीतच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, 'पारंपरिक चाल' असं लिहा आणि वाजवा, कोण बघतंय. मी त्याला नाही म्हटलं, आणि माझ्याकडे दुसरा पर्याय नव्हता. काकांना हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "चाल त्याइची, शब्द माहे. तसंच लिव." ती फाइल माझ्या ड्राइव्हमध्ये आहे. गीत आणि स्वर हे रकाने भरलेत. संगीताच्या रकान्यात पेन्सिलने त्या चित्रपटाचं नाव लिहिलंय.